सगळीच नावं फ्रेंच नाहीत

अकेडिया म्हणजे आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरची जुनी फ्रेंच वसाहत. तिथल्या गावांची नावं शुद्ध फ्रेंच, असं म्हटलं जातं. ते ग्रां-प्रे या गावापुरतं पटतं. ग्रां-प्रे म्हणजे मोठं कुरण. भरतीचं पाणी बांध घालून अडवलं, खाजणाची शेती केली, तेच नावात उतरलं. पण तिथल्याच पब्निको गावाचं काय? मूळ नाव तिथल्या आदिवासी मिकमॅक लोकांचं. फ्रेंचांनी त्याचं 'पोबोंकू' केलं, इंग्रजांनी ते आणखी मोडलं. (बुक्तूश, शेडियाक ही गावांची नावंसुद्धा मिकमॅकच.)

पब्निकोची जहागीर १६५३ मध्ये फिलिप मियू दांत्रमों यांना मिळाली. १७५५ पासून इंग्रजांनी अकेडियन लोकांना हद्दपार केलं, त्यातून तेही गाव सुटलं नाही, पण पुढे दांत्रमों यांचे वंशज परतून तिथेच वसले. ग्रां-प्रेवाल्यांना ते जमलं नाही. त्यांच्या बांधाआडच्या जमिनी १७६० पासून न्यू इंग्लंडच्या, म्हणजे आजच्या अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, शेतकऱ्यांना वाटल्या गेल्या.