गोठलेला कंडेन्सेट पाइप : आधी किटली की आधी फोन?

लीड्सकर :
इंग्लंडमध्ये कडाक्याची थंडी पडली की पहाटे खोल्या उबवणारे रेडिएटर गार पडतात, त्यांना गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरमधून हुक्का ओढल्यासारखी गुडगुड ऐकू येते आणि आपली मंडळी घाबरून तंत्रज्ञाला बोलावतात. माझ्या मते हा खर्च बहुतेक वेळा अनाठायी असतो. एप्रिल २००५ पासून येथे नवे गॅस बॉयलर सहसा कंडेन्सिंग प्रकारचेच बसवावे लागतात. त्यांत धुरातील वाफेचे पाणी, म्हणजे कंडेन्सेट, होते आणि ते प्लास्टिकच्या बारीक पाइपाने बाहेर पडते. हा पाइप भिंतीबाहेर गोठला की पाणी मागे तुंबते आणि बॉयलर स्वतःच बंद होतो. बाहेर जाऊन पाइपाच्या वळणावर आणि टोकाशी किटलीने कोमट पाणी ओतावे, बर्फ सुटला की रीसेटचे बटण दाबावे. इतकेच काम आहे. यात गॅसला कोठेही हात लागत नाही.

भाडेकरू :
असहमत. गेल्या वर्षी आम्ही नेमके हेच केले. बॉयलर सुरू झाला खरा, पण ओतलेले पाणी मागच्या दाराच्या पायरीवर गोठून काच झाले आणि संध्याकाळी आमचे हे त्यावरून घसरले. सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये होते. शिवाय भाड्याच्या घरातील हीटिंग दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार घरमालकाची आहे. आपणच दर वेळी किटली घेऊन धावलो, तर त्याने पाइपाकडे का पाहावे?

लीड्सकर :
ताईंची तक्रार रास्त आहे, पण घरात तान्हे मूल असताना आणि घरमालक सोमवारपर्यंत फोन उचलणार नसताना कलम ११ ची ऊब मिळत नाही. पाणी सांडायचे नसेल तर शेकण्याची रबरी पिशवी पाइपाला बांधावी. पाइप शिडी लावण्याइतका उंच असेल तर मात्र मीही फोनच करीन.

जुना प्लंबर :
किटलीचे समर्थक एक गोष्ट विसरतात : उकळते पाणी कधीही ओतू नये, कारण गारठलेले प्लास्टिक त्याने तडकते. बॉयलरचे झाकणही उघडू नये. ते काम ‘गॅस सेफ’ या गॅस तंत्रज्ञांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्याचेच. तरीही माझा आक्षेप दोन्ही बाजूंना आहे. डिसेंबर २०१०च्या थंडीत असे असंख्य पाइप गोठले आणि पुष्कळ ठिकाणी दोष बसवणाऱ्याचा होता : साडेएकवीस मिलिमीटरचा उघडा पाइप, तोही जवळजवळ आडवा, ज्यात थेंबथेंब पाणी रेंगाळते आणि गोठते. पाइप शक्यतो घरातूनच सिंकच्या निचऱ्याला जोडावा. बाहेरून न्यावाच लागला तर तो किमान बत्तीस मिलिमीटरचा, मीटरमागे सुमारे ५० मिलिमीटर उताराचा, कमीत कमी वळणांचा आणि पाणी न शिरणाऱ्या वेष्टनात गुंडाळलेला हवा. तोवर दरवर्षी तुमचा हाच वाद चालू राहील.

भाडेकरू :
आमचा पाइप बारीक आहे, आडवा आहे आणि उघडाही आहे. आत्ताच टॉर्च घेऊन पाहून आले. वेष्टन मी उद्या आणते, पण भिंतीला भोक पाडण्याचा अधिकार मला नाही. म्हणून पाइपाचे छायाचित्र जोडून घरमालकाला आज रात्रीच लेखी कळवते. किटली त्यानंतर, आणि पायरीवर मीठ टाकल्याशिवाय नाहीच.