सी १०२ ची मदत आणि ग्रुपवर रंगलेला रविवार

बी २०३ वहिनी: सी १०२ वाल्यांच्या कॅन्सरच्या फाईलचा फोटो कुणी फिरवलाय? माझ्या भिशीच्या ग्रुपवर येऊन पडलाय, मिरजेच्या नणंदेनं मलाच विचारलं तुमच्या सोसायटीतले ना हे. नाव, वय, आधार नंबर, गाठ कुठं आहे सगळं दिसतंय. मदत मागायची ही काय पद्धत झाली

ए ४०२ दादा: मी टाकला वहिनी. लोक खरं-खोटं विचारतात, फाईल बघितल्याशिवाय कोण रुपया सोडत नाही. दोन दिवसांत १८ हजार जमलेत, तेही बघा की

बी २०३ वहिनी: पैसे जमले चांगलंच झालं. पण ती यादी? ५००० वाल्यांची नावं वर आणि आमच्या तळमजल्याच्या आज्जींचे २०० सगळ्यात खाली. पेन्शनीतनं दिलेत त्यांनी. काल जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या माझं नाव काढायला सांग गं

ए ४०२ दादा: पारदर्शकता नको का मग. उद्या म्हणाल पैसे खाल्ले

बी ३०४ काका: सी १०२ ची मेंटेनन्स थकबाकी ७ महिने आहे. कमिटीने याबाबत खुलासा करावा.

ए १०३: वरची टाकी भरली का हो, नळाला पाणी नाही

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, विषयाला धरून बोलावे. पाणी ११ ला सोडतोय.

सी ३०१ आजोबा: [फॉरवर्डेड] पपईच्या पानांचा रस २१ दिवस घेतल्यास कॅन्सर मुळापासून बरा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा 🙏

ए १०३: आजोबा गेल्या आठवड्यात गव्हांकुर होतं 😄

ए ३०१ सिस्टर: आजोबा रागावू नका, पण हे नका टाकू. त्यांचं गालाचं ऑपरेशन झालंय, नाकातनं नळी आहे. कुणीतरी मायेनं रस करून देईल आणि नळी तुंबली किंवा इन्फेक्शन झालं तर पळापळ होईल. नळीतनं काय द्यायचं ते डॉक्टरच सांगतात.

सी ३०१ आजोबा: बरं बाई. मी आपलं चांगल्या भावनेनं टाकलं

बी ३०४ काका: सी १०२ ची मेंटेनन्स थकबाकी ७ महिने आहे. दुसऱ्यांदा विचारत आहे.

ए ४०२ दादा: काका माणूस काय अवस्थेत आहे आणि तुमचं काय चाललंय

बी ३०४ काका: माझं वैयक्तिक काही नाही. लिफ्टवाल्याचं बिल कोण भरणार ते सांगा. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. आणि तुमची पांढरी गाडी अजून माझ्या पार्किंगच्या पट्ट्यावर आहे.

बी १०२: सिंकिंग फंडातनं देऊया की सरळ, पडून तर आहे

ए २०१ सर: तसं करता येत नाही. सिंकिंग फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, कुणाच्या औषधपाण्याला देता येत नाही, ऑडिटला अडकेल. थकबाकीवरचं व्याज मात्र जनरल बॉडी ठरवते. उपविधीत फक्त वरची मर्यादा दिलेली असते, तेवढं लावलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. मुद्दल आपल्यातल्याच चार-पाच जणांनी भरावी आणि पावती सी १०२ च्या नावानं फाडावी. मी दोन महिन्यांचं भरतो. काका, आता तरी तो मेसेज थांबवा.

बी ३०४ काका: मला लेखी खुलासा पाहिजे.

ए १०३: गणपतीचे शिल्लक पैसे आहेत ना?

सेक्रेटरी: ते मंडळाचे आहेत, बैठक घ्यावी लागेल. आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा फॉर्म पण भरायला लावू त्यांना.

ए ३०१ सिस्टर: सेक्रेटरी साहेब जरा ऐका, सगळ्यांनीच ऐका. ड्युटीवरनं आलेय तरी लिहितेय, कारण रोज हेच बघतेय वॉर्डात. लोक आधी दागिने मोडतात आणि मग विचारतात योजना आहे का. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत मिळतं, पूर्वी दीड लाख होतं. पिवळं, केशरीच नाही, पांढरं रेशनकार्डवालेही बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचं, मंजुरी यायच्या आत कॅश काउंटरला पैसे भरायचे नाहीत. सी १०२ वाल्यांचं मुंबईचं ऑपरेशन योजनेतनंच झालं, आता रेडिएशनची मंजुरी मिरजेत टाकलीय. मुख्यमंत्री निधी योजनेत न बसणाऱ्या उपचाराला असतो आणि पैसे हॉस्पिटलच्या खात्यावर जातात, घरी हातात काही येत नाही. ट्रस्टच्या दवाखान्यात पण कायद्यानं १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के निम्म्या दरात ठेवायच्या असतात, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला लागतो. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

मग पैसे कशाला लागतात? ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. कामावर गेले तर पगार. सी १०२ वहिनींचं शिलाई मशीन ऑपरेशनच्या आधीपासनं बंद आहे, कारण त्याच पळत होत्या. परळला टाटाला गेल्यावर पहिले दोन दिवस फूटपाथला काढले, मग गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरमध्ये माफ असतं, सोबतच्याला नाही, त्याला २५ टक्के तरी भरावेच लागतात. खर्च असा थेंबाथेंबानं होतो आणि त्याची बिलं नसतात तुम्हाला ग्रुपवर टाकायला. रेडिएशन म्हणजे सोमवार ते शुक्रवार, साधारण सहा आठवडे. आज १८ हजार देऊन सगळे मोकळे झाले तर पाचव्या आठवड्यात तोंड आतनं सोललेलं असताना रिक्षाला पैसे कोण देणार. मला विचाराल तर एकदम ५००० पेक्षा महिन्याला ५०० वर्षभर द्या.

बी १०२: हे माहीतच नव्हतं ओ

बी २०३ वहिनी: सिस्टर धन्यवाद 🙏 आणि अजून एक, सी १०२ वहिनी याच ग्रुपवर आहेत. सकाळपासनं सगळं वाचत असतील. आहे का लक्षात कुणाच्या?

ए ४०२ दादा: फोटो डिलीट केला सगळीकडनं. जिथं पुढं गेलाय तिथं पण सांगतो. यादीपण काढली.

ए १०३: २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी होतं तेव्हा ह्याच माणसानं सिलिंडर खांद्यावरनं वर चढवलेत सगळ्यांचे. काकांचा पण.

बी ३०४ काका: ते मी विसरलेलो नाही. त्याचा आणि थकबाकीचा संबंध नाही.

सी १०२ वहिनी: सगळ्यांना नमस्कार. मी लिहिणार नव्हते पण लिहिते. तुम्ही सगळ्यांनी केलं त्याची जाणीव आहे आम्हाला. काका बरोबर बोलतात, मेंटेनन्स राहिलाय, यांनी नोटीस घडी करून देव्हाऱ्यात ठेवलीय, कामावर जायला लागले की पहिलं तेच भरायचं म्हणून. फोटोचं एवढंच की लेकीला क्लासमध्ये पोरींनी विचारलं, ती दोन दिवस गेली नाही, बारावीचं वर्ष आहे. आणि डबे नका पाठवू, राग मानू नका, यांच्या नळीतनं पातळच जातं, मिक्सरला फिरवून दोनदा गाळून, एकेका वेळेला पाऊण तास लागतो. घरात भाजी-भाकरीचा वास आला की हे तोंड फिरवतात, म्हणून आम्ही दोघी यांना झोप लागल्यावर जेवतो. द्यायचंच तर अर्धा लिटर दूध जास्तीचं लावा आमच्या नावानं. आणि मला फॉल-पिकोचं काम द्या, साड्या खाली आणून द्या, रात्री करते मी.

बी २०३ वहिनी: माझ्या सहा साड्या आहेत, आत्ता आणते. दूध मी लावते.

ए ३०१ सिस्टर: पैसे थेट सी १०२ वहिनींच्या खात्यावर टाका, नंबर त्यांना विचारूनच देईन, पर्सनलवर. सोसायटीचं खातं नको, कुणाचा क्यूआर नको. हिशोब मी आणि सर बघू, आकडे ग्रुपवर येणार नाहीत.

ए ४०२ दादा: मान्य. मग गाडीचं ठरवू. विश्रामबागहून मिरज, सकाळी साडेनऊला निघायचं, थांबून परत आणायचं. सोमवार मी.

बी १०२: मंगळवार

ए २०१ सर: गुरुवार माझा. गाडी आहे, चालवायला मुलगा येईल.

ए १०३: शुक्रवार मी. सुट्टी टाकतो अर्धा दिवस

सी ३०१ आजोबा: मी सोबत बसतो रोज, गाडी नाही पण वेळ आहे

बी ३०४ काका: खुलासा अजून आलेला नाही. पांढरी गाडी काढा.

ए ४०२ दादा: काढतो ओ काका. बुधवार रिकामा आहे, बुधवार कोण?