शेफील्ड एफसी: सर्वात जुना क्लब, तरी नॉन-लीगमध्येच? कालपट करताना अडलेले प्रश्न

डावी_बगल (धागाकर्ता)

शेफील्ड फुटबॉल क्लबवर (त्याच इंग्लिश शहरातले दुसरे क्लब, युनायटेड किंवा वेन्सडे, नव्हेत) दिवाळी अंकासाठी लेख आणि सोबत एक कालपट करतोय. स्थापना २४ ऑक्टोबर १८५७, संस्थापक नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट. म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठापेक्षा क्लब तीन महिन्यांनी धाकटा. इथपर्यंत ठीक, पुढे गुंता आहे.

१. 'जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब' असं बिनदिक्कत लिहावं का? नॉट्स काउंटी, एडिनबरा, केंब्रिज, सगळेच हक्क सांगतात.
२. एवढा जुना क्लब फुटबॉल लीगमध्ये (इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबांची साखळी स्पर्धा; तिच्याखालचं सगळं ते नॉन-लीग) कधीच का नव्हता?
३. १८६०च्या दशकातले निकाल 'दोन गोल, चार टचडाउन' असे सापडतात. तक्त्यात कसे भरायचे?
४. २००७ नंतर डिव्हिजनचं नाव सारखं बदलतं. ती बढती धरायची की घसरण?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पिवळं_कार्ड

पहिल्या प्रश्नापुरतं. 'आजही चालू असलेला, असोसिएशन फुटबॉल खेळणारा सर्वात जुना क्लब' असं लिहा. यातला एकही शब्द गाळला की कोणीतरी पत्र पाठवणारच.

एडिनबराचा जॉन होपचा क्लब १८२४चा, पण तो १८४१मध्ये संपला आणि त्यांचा खेळही आजच्या फुटबॉलपेक्षा बराच वेगळा होता. केंब्रिज विद्यापीठाचा दावा १८५६च्या नियमपत्रकावर उभा आहे. नियम होते म्हणजे त्या दिवसापासून क्लब सलग चालू होता असं सिद्ध होत नाही, आणि वाद आहे तो नेमका इथेच. नॉट्स काउंटी १८६२चा. त्याच्यासाठी 'सर्वात जुना व्यावसायिक क्लब' हे बिरुद राखून ठेवा. शेफील्ड एफसी आणि नॉट्स काउंटीची ही बिरुदं मराठी लेखांत सर्रास एकमेकांच्या गळ्यात पडतात.

फिफाने २००४मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिलं. तो मान मिळालेले क्लब दोनच, रेआल माद्रिद आणि शेफील्ड एफसी. हा मुद्दा चौकटीत टाका, वाचक तिथे थांबतो.

रूज_मोजणारा

तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर, कारण बहुतेक लेख इथेच घसरतात.

आधी परिस्थिती लक्षात घ्या. सुरुवातीला खेळायला दुसरा क्लबच नव्हता. त्यामुळे सभासद आपसातच संघ पाडत: लग्न झालेले विरुद्ध अविवाहित, किंवा आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे अर्धी वर्णमाला इकडे, अर्धी तिकडे. हे सामने कालपटात 'विरुद्ध कोण' या रकान्यात बसत नाहीत, वेगळ्या टिपेत घ्या. दुसऱ्या क्लबशी पहिला सामना २६ डिसेंबर १८६०चा, सँडीगेट मैदानावर, त्याच वर्षी निघालेल्या हॅलमशी. शेफील्ड २-० जिंकलं. हॅलम आजही सँडीगेटवरच खेळतो आणि जगातलं सर्वात जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेसची नोंद त्या मैदानाच्या नावावर आहे.

आता नियम. क्लबने १८५८मध्ये स्वतःचे नियम केले, १८५९मध्ये ते छापले. लंडनच्या एफएची (फुटबॉल असोसिएशन, इंग्लंडमधली फुटबॉलची नियामक संस्था) स्थापना १८६३ची. म्हणजे शेफील्डचे नियम एफएच्या नियमांची स्थानिक आवृत्ती नव्हेत, ते पाच वर्षं आधीचे आहेत. त्यांत ऑफसाइड नव्हता. हवेतला चेंडू हाताने झेलला तर फ्री किक मिळायची. प्रतिस्पर्ध्याला हाताने ढकलायला परवानगी होती, पण नडगीवर लाथ मारायला बंदी.

१८६२मध्ये त्यांनी 'रूज' आणला. तेव्हा गोल फक्त ४ यार्ड रुंद होता (आजचा ८). एवढ्याशा फटीत गोल होणं मुश्कील, सामने बरोबरीत सुटायचे. म्हणून दोन्ही खांबांपासून बाहेर चार-चार यार्डांवर आणखी झेंडे रोवले. चेंडू त्या झेंड्यांमधून मागे गेला आणि आक्रमण करणाऱ्याने तो आधी हाताने टेकवला की एक रूज. गोल समसमान असतील तरच रूज मोजायचे. एक गोल कितीही रूजना भारी. १८६८मध्ये रूज गेला आणि गोल ८ यार्डांचा झाला.

त्यामुळे तक्त्यात 'गोल' आणि 'रूज/टचडाउन' असे दोन रकाने करा (टचडाउन म्हणजे एफएच्या नियमांत गोलरेषेमागे चेंडू हाताने टेकवणं). त्यांची बेरीज कधीही करू नका. तुम्ही दिलेला 'दोन गोल, चार टचडाउन' हा निकाल बहुधा ३१ मार्च १८६६चा, बॅटरसी पार्कमधल्या लंडन विरुद्ध शेफील्ड सामन्याचा आहे. लंडन २ गोल व ४ टचडाउन, शेफील्ड शून्य. तो कोणी ६-० असा छापला तर चूक. शिवाय तो एफएच्या नियमांनी खेळला गेला, म्हणून तिथे टचडाउन, रूज नाही. वेळ आधीच ठरवली होती, दुपारी ३ ते ४.३०. नव्वद मिनिटांची चर्चा निघते ती याच सामन्यावरून.

'कोणत्या नियमांनी' हा रकाना १८७७पर्यंत ठेवा. त्या वर्षी थ्रो-इनवर तडजोड झाली आणि शेफील्डने एफएचे नियम घेतले. कॉर्नर किक मात्र उलट्या दिशेने गेली: शेफील्डमध्ये १८६८, एफएमध्ये १८७२.

डावी_बगल

वा, रूजचं कोडं सुटलं. मग १८६७चा यूडन कप, फुटबॉलमधली पहिली स्पर्धा, शेफील्डच्याच खात्यात ना? दोन ठिकाणी तसं वाचलंय.

रूज_मोजणारा

नाही. तो हॅलमने जिंकला आणि शेफील्ड एफसी त्या स्पर्धेत उतरलाच नव्हता. ५ मार्च १८६७, ब्रॅमल लेन, अंतिम सामन्यात नॉरफोक क्लबवर दोन रूजनी मात, गोल एकही नाही. 'शेफील्डमधल्या क्लबने जिंकला' या वाक्यातला 'मधल्या' कुठेतरी गळला असणार.

ब्रॅमल लेनचा विषय निघालाच आहे तर २९ डिसेंबर १८६२चा शेफील्ड-हॅलम सामना जरूर घ्या. निकाल ०-०, पण क्रेसविक आणि हॅलमचा वॉटरफॉल यांची हातघाई झाली आणि प्रेक्षक मैदानात घुसले. सामना होता मदतनिधीसाठी. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस बंद होऊन लँकेशायरचे गिरणी कामगार उपाशी होते. ज्या कापूसटंचाईने तिकडे चुली विझल्या, तिनेच मुंबईत पैशाचा पूर आणला आणि पुढे शेअरचं वेड लागलं. मराठी वाचकाला हा धागा लगेच कळेल.

हौशी_बॅक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वर्षात आहे: १८८५.

जुलै १८८५मध्ये एफएने खेळाडूंना पैसे द्यायला अधिकृत परवानगी दिली. शेफील्ड एफसीने हौशीच राहायचं ठरवलं. वेन्सडेने १८८७मध्ये व्यावसायिक मार्ग धरला, १८८८मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, १८८९मध्ये ब्रॅमल लेनवर युनायटेड जन्माला आला. शहरातले चांगले खेळाडू आणि प्रेक्षक कुठे गेले असतील हे वेगळं सांगायला नको. पगारी संघांपुढे शेफील्डचे मोठमोठे पराभव होऊ लागले. त्यामुळे 'क्लब लीगमधून घसरला' असं लिहू नका. तो लीगमध्ये कधी नव्हताच, आणि तेव्हा लीगमध्ये शिरायचं तर मतांनी निवडून यावं लागे. ही मतांची पद्धत १९८६पर्यंत चालली. आपोआप बढती मिळालेला पहिला क्लब स्कारबरो.

हौशी संघांसाठी वेगळा कप हवा, हा आग्रह शेफील्डचाच होता. एफए अमॅच्युअर कप १८९३-९४मध्ये सुरू झाला आणि १९०४मध्ये शेफील्डने तो जिंकला, ब्रॅडफर्डला ईलिंगवर ३-१. माझ्या मते क्लबच्या इतिहासातला हाच सर्वात मोठा विजय, पण लेखांत याला एक ओळही मिळत नाही. १९७४मध्ये एफएने हौशी-व्यावसायिक हा भेदच काढला, तो कप बंद झाला आणि त्याच वर्षी खालच्या क्लबांसाठी एफए व्हाज सुरू झाला. १९७७च्या व्हाज अंतिम सामन्यात शेफील्डने वेम्बलीवर बिलरिकी टाउनशी १-१ बरोबरी केली. नॉटिंगहॅमच्या फेरसामन्यात १-२ असा पराभव. हा निकाल लिहिताना दोन मैदानं, दोन ओळी करा. 'वेम्बलीवर हरले' असं लिहिलं की चुकलं.

पायऱ्या_मोजा

चौथा प्रश्न. 'स्तर' हा रकाना १९७९च्या आधी कोराच ठेवा. आज ज्याला पिरॅमिड म्हणतात (बढती-घसरणीने जोडलेल्या, एकाखाली एक लीग), त्याची नीट उतरंड तेव्हा नव्हती, मागून आकडे चिकटवणं म्हणजे निव्वळ अंदाज. क्लब १९४९ ते १९८२ यॉर्कशायर लीगमध्ये होता. १९८२मध्ये ती लीग मिडलँड लीगमध्ये मिसळून नॉर्दर्न काउंटीज ईस्ट झाली. हे विलीनीकरण आहे, बढती नाही.

२००४ला खरा सापळा आहे. वर कॉन्फरन्स नॉर्थ आणि साउथ असा एक नवा मजला घातला गेला, त्यामुळे खालच्या सगळ्यांचे आकडे एकाने वाढले. नॉर्दर्न काउंटीज ईस्टचा प्रीमियर विभाग आठवा होता तो नववा झाला, कोणीही न हरता. खरी बढती २००७ची: नॉर्दर्न प्रीमियर लीगचा डिव्हिजन वन साउथ, आठवा स्तर.

पुढे नुसती नावं बदलली. २०१८मध्ये साउथ-नॉर्थचे ईस्ट-वेस्ट, २०१९मध्ये साउथ ईस्ट-नॉर्थ वेस्ट, २०२१मध्ये ईस्ट, वेस्ट, मिडलँड्स. या तिन्ही बदलांत स्तर आठवाच राहिला. २०१९-२० आणि २०२०-२१ हे हंगाम कोविडमुळे या पातळीवर रद्द झाले. तेव्हाचं गुणतक्त्यातलं स्थान सापडलं तरी 'अंतिम क्रमांक' म्हणून भरू नका. शेवटी 'बदलाचं कारण' असा रकाना जोडा आणि त्यात चारच शब्द चालवा: बढती, घसरण, विलीनीकरण, पुनर्रचना.

पिवळं_कार्ड

दोन भर. एक, ८ नोव्हेंबर २००७ला दीडशे वर्षांनिमित्त ब्रॅमल लेनवर इंटर मिलानशी मैत्रीपूर्ण सामना झाला, २-५, पेले हजर होते. ब्रॅमल लेन युनायटेडचं मैदान, ते शेफील्ड एफसीचं 'होम' म्हणून नोंदवू नका.

दोन, १४ जुलै २०११ला नियमांची हस्तलिखित प्रत, १८५९ची पुस्तिका वगैरे दस्तऐवज सदबीजच्या लिलावात ८,८१,२५० पौंडांना गेले. ते क्लबनेच विकले, त्यामुळे 'मूळ नियम क्लबच्या कपाटात आहेत' असं जुन्या लेखांवरून उतरवू नका.

डावी_बगल

आणि आत्ताचं मैदान? शेफील्डच्या नकाशात सापडत नाहीये.

पायऱ्या_मोजा

सापडणार नाही. ॲबीडेल, डॉन व्हॅली, आउलर्टन असं भाड्याच्या जागांवर फिरून झाल्यावर २००१मध्ये स्वतःचं पहिलं मैदान मिळालं ते ड्रॉनफील्डला, कोच अँड हॉर्सेस या पबच्या मागे. ते शहराच्या दक्षिणेला, डर्बीशायरमध्ये आहे. प्रायोजक बदलला की मैदानाचं नावही बदलतं, म्हणून तक्त्यात पबचं नाव आणि गाव लिहा.