'रेंट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
१९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटून स्वतंत्र झालेल्या देशांवरचा एक लेख मराठीत आणतेय. ज्यांच्याकडे तेल-वायू भरपूर, तिथे आर्थिक सुधारणा का रेंगाळल्या, हा त्याचा विषय. 'रिसोर्स कर्स', म्हणजे नैसर्गिक संपत्तीच देशाच्या मुळावर येते या कल्पनेला 'संसाधनांचा शाप' लिहून मोकळी झाले, पण 'रेंट'पाशी, म्हणजे तेल-वायूतून आयत्या मिळणाऱ्या पैशापाशी अडले आहे. 'भाडं' काही केल्या बसत नाही.

उत्तर
'खंड' घ्या. जमीन दुसऱ्याला कसायला देऊन मालक बसल्या जागी घेतो, तो खंड. अर्थशास्त्रातला हा शब्दही जमिनीवरूनच सुरू झाला. जमिनीखालच्या वायूचा पैसा त्याच जातीचा.

तुर्कमेनिस्तान बघा. १९९३ पासून तिथे घरोघरी गॅस, वीज, पाणी फुकट होतं. काडेपेटीला मात्र पैसे पडायचे. म्हणून काडी वाचवायला शेगडी दिवसरात्र पेटती ठेवणारी घरं होती! खंड येत राहिला की सरकारला लोकांकडे करासाठी हात पसरावा लागत नाही. मग हिशेब कोण मागणार? तोट्यातले कारखानेही तसेच पोसता येतात.

उलट एस्टोनियाकडे परदेशी विकायला असं तेल किंवा वायू नव्हता. त्यांनी जून १९९२ मध्येच रूबल सोडून क्रून हे स्वतःचं चलन आणलं, आठ क्रूनला एक जर्मन मार्क असा दर बांधला आणि १९९४ पासून सरसकट २६ टक्के प्राप्तिकर लावला.

आणखी एक मत
'खंड' पटला. माझी हरकत 'शाप'ला आहे. शाप भोगणाऱ्याच्या हाती काही नसतं. इथे निर्णय माणसांनी घेतलेत. कझाकस्तानकडे तेल असूनही त्यांनी १९९३ मध्ये तेंगिझ तेलक्षेत्रासाठी शेवरॉन या अमेरिकी कंपनीशी भागीदारी केली, १९९८ मध्ये पेन्शनची पद्धत मुळापासून बदलली. शेजारच्या उझबेकिस्तानकडे सोनं आणि कापूस, पण तिथलं चलन सोम २०१७ पर्यंत परकीय चलनात सरकारी दराने सहज बदलून मिळत नसे. शापाने हा फरक कसा समजावणार? 'शाप' लिहिलात की राज्यकर्ते सुटतात, याचं मला फार वाटतं.

प्रश्नकर्ती
खरंय, 'शाप' काढते. 'खंडावर जगणारी राज्यं' चालेल?

उत्तर
वाचणाऱ्याला आशिया खंड वाटेल. पहिल्यांदा 'आयता खंड' लिहा, पुढे नुसता 'खंड' पुरे.