हिमोफिलियाच्या संशोधनाचा इतिहास : १५ मिनिटांत काय सांगू?

निळीशाई
आमच्या घरात हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) आहे, आधी भाऊ, आता माझा मुलगा. पेशंटच्या घरच्यांच्या मेळाव्यात या आजारावरच्या संशोधनाच्या इतिहासावर बोलायचंय. वेळ १५ मिनिटं, समोर बहुतेक आया नि बहिणी. एकच गोष्ट धरून बोलेन म्हणते. कुठली धरू?

रानपाखरू
राणी व्हिक्टोरिया, डोळे झाकून. मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडला नि रक्तस्रावाने गेला, मुलींकडून आजार स्पेन आणि रशियाच्या राजघराण्यात पोचला. मी कॉलेजात यावरच बोललो होतो, पहिला नंबर आला. वंशवेलीचा मोठा तक्ता लावा.

खोडकर_आजोबा
ते सगळ्यांना पाठ आहे हो. शिवाय हिमोफिलियाचे ए आणि बी असे दोन मुख्य प्रकार, लोक राजघराण्यातला तो ए समजून सांगतात.

रानपाखरू
ए च असणार, तोच जास्त आढळतो.

खोडकर_आजोबा
जास्त आढळतो म्हणून राजवाड्यातही तोच, हे कुठलं लॉजिक? झारच्या कुटुंबाच्या हाडांतला डीएनए तपासला, २००९ मध्ये निकाल आला, बी निघाला. म्हणजे फॅक्टर ९ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या कमतरतेचा, ए मध्ये फॅक्टर ८ कमी असतो.

सांधेवाला
मी स्वतः ए, सिव्हिअर. १९८० च्या दशकाबद्दल बोला, दुसरं काही नको, हजारो लोकांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एकत्र करून पेशंटला टोचायचा फॅक्टर बनवायचे, एका डोनरला एचआयव्ही असला की आख्खी बॅच दूषित, जगभर हजारो पेशंट त्यात गेले, माझ्या मामाला तसल्याच फॅक्टरमधून हिपॅटायटिस सी झाला नि कोणी साधं सॉरी म्हटलं नाही. लोक हे विसरत चाललेत.

मीरा_लॅब
एकच हवी तर १९५२ ची घ्या. त्याआधी १९४७ मध्ये ब्युनोस आयर्सच्या पाव्लोव्स्कीला दिसलं होतं की एका पेशंटचं रक्त दुसऱ्या पेशंटच्या रक्तात मिसळलं तर कधी कधी ते गोठतं. म्हणजे दोघांत कमी असलेली गोष्ट वेगळी! ऑक्सफर्डच्या टीमने १९५२ मध्ये ते नीट मांडलं आणि त्यांच्या ५ वर्षांच्या एका पेशंट मुलाच्या आडनावावरून बी ला ख्रिसमस डिसीज म्हटलं. हाच मुलगा मोठेपणी दूषित रक्तातून एड्स होऊन १९९३ मध्ये गेला. सांधेवाला म्हणतात तेही यात येतं.

घड्याळजी
१५ मिनिटं फारच कमी, तासभर मागून घ्या. १९६४ ज्यूडिथ पूलचं क्रायो (प्लाझ्मा गोठवून वेगळा काढलेला फॅक्टर ८ वाला भाग), १९८४ फॅक्टर ८ चा जीन, १९९२ रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेला) फॅक्टर, २०१७ एमिसिझुमॅब हे औषध, २०२२ ची जीन थेरपी, एका डोसला ३५ लाख डॉलर!! यातलं काहीच गाळता येत नाही.

शांतसागर
व्हिक्टोरिया +१. तक्ता पण.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. मीरा, तुमची गोष्ट फार आवडली, पण मी १८०३ घेतेय. फिलाडेल्फियाच्या डॉ. ऑटोने न्यू हॅम्पशायरच्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं की रक्त पुरुषांचंच वाहतं, बायकांना त्रास नाही पण आजार त्यांच्याकडून मुलांना जातो. वारसा त्याने बरोबर ओळखला. पण ‘बायकांना त्रास नाही’ हे पुढे इतकं घट्ट बसलं की कॅरिअर (आजाराचा जीन असलेल्या) बाईची फॅक्टर लेव्हल बघायचं कुणाच्या मनातच येईना. कितीतरी जणींची कमी असते, पाळीत अतोनात जातं, बाळंतपणात धोका. माझी दात काढल्यावर रक्त थांबेना तेव्हा कळली. मेळाव्यात हेच सांगणार, आणि आपली नि मुलींची लेव्हल तपासून घ्या म्हणणार, विशेषतः ऑपरेशनच्या आधी.

रानपाखरू
चांगलंय. पण तक्ता लावाच, मागच्या रांगेतूनही दिसतो.