मदत हवी आहे: उदयच्या तक्त्यात कर्ज ० येतंय

घुमट: उद्या दुपारी तक्ता द्यायचाय. उदय म्हणजे वीज वितरण कंपन्यांचं कर्ज राज्यांनी उचलायची केंद्राची २०१५ ची योजना; तीत राज्याने उचललेलं वीज-कर्ज, हा रकाना. सूत्र ५० अधिक २५ टक्के असंच घातलंय, तरी ० येतंय. कुठे चुकतंय? लवकर सांगा.

खांब क्र. ७: राज्य कुठलं? कर्ज कुठल्या तारखेचं? ३० सप्टेंबर २०१५ ची थकबाकी धरायची. मार्चचा ताळेबंद घेतलात तर जुळणार नाही. तिच्यातलं ५० टक्के २०१५-१६ मध्ये आणि २५ टक्के २०१६-१७ मध्ये राज्याच्या अंगावर.

आबोली: मुळात गळती बघा, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी जिचे पैसेच येत नाहीत ती. १०० युनिटं घेतली, ८५ ची बिलं झाली, बिलांचे ९४ टक्के वसूल. ०.८५ × ०.९४ = ०.७९९, म्हणजे गळती २०.१ टक्के. कर्ज होतं ते इथे. प्रीपेड मीटर बसवले की विषय संपला.

खांब क्र. ७: कसला संपतोय! खर्च युनिटला ६.५० रुपये, दर ५.५०, सरकारने जाहीर केलेलं अनुदान १ रुपया. कागदावर तूट शून्य. हातात ६० पैसेच पडले, की १०० कोटी युनिटांमागे ४० कोटींची उधारी. त्याला मीटर काय करणार?

घुमट: अहो, भांडू नका. राज्य गोवाच, दुसरं कुठलं!

माडाचीमुळी: हे आधी सांगायचं ना घुमटबाब! गोव्यात वितरण कंपनीच नाही, सरकारचं वीज खातं आहे. कोरबा, विंध्याचल या बाहेरच्या वीज केंद्रांतून घेतलेल्या विजेचे पैसे तिजोरीतून जातात. दर ठरवतो संयुक्त वीज नियामक आयोग, आणि तूट अर्थसंकल्पातून भरली जाते. उचलायला कंपनीचं कर्ज आहे कुठे? २०१६ च्या उदय करारात गोव्याने फक्त कामकाज-सुधारणेचा भाग घेतला. खरी तूट हवी तर आयोगाच्या दर-आदेशात वार्षिक महसुली गरजेचा (वर्षाचा खर्च भागवायला लागणाऱ्या रकमेचा) तक्ता काढा आणि त्यातलं सरकारचं अर्थसाहाय्य बघा.

पाटो_प्लाझा: छपरावर ३ किलोवॅट सोलर लावा. पीएम सूर्यघरमध्ये ७८,००० रुपये अनुदान आहे.

घुमट: सोलर कोणी विचारलं? मग ० तसंच ठेवू?

खांब क्र. ७: नको. ० म्हणजे कंपनी आहे पण कर्ज नाही, असा अर्थ होतो. 'लागू नाही' लिहा. आणि राज्यांची सरासरी काढणार असाल तर भाजकातून गोवा वगळा, नाहीतर ती उगाच खाली येईल.

घुमट: भाजकात होता. देव बरें करूं.