सुयांचे बट एका बाजूने झिजतायत, तेल वाढवू का?

धुळ्याहून प्रश्न:
३० इंच, २४ गेजचं (इंचाला २४ सुया) सिंगल जर्सी कापड विणायचं सर्क्युलर (गोल) मशीन आहे. तेल व्हीजी २२ (व्हीजी म्हणजे दाटपणाचा आकडा, जास्त आकडा म्हणजे दाट तेल). ऊन वाढल्यापासून सुयांचे बट (सुईच्या बाजूला आलेला उंचवटा) एका बाजूने चकचकीत होऊन झिजतात, कापडावर उभ्या रेघा येतात. तेलाचं प्रमाण वाढवू का?

जळगाव:
नका वाढवू भाऊ, कापडावर डाग पडतील. आधी सिलेंडरच्या खोबणी बघा, ज्यांत सुया वर-खाली सरकतात. सुताचं तूस तेलात भिजून खोबणीत लगदा बसतो, सुई जड चालते, कॅम (बटाला ढकलून सुई वर-खाली करणारा भाग) बटाला जोराने रेटतो आणि बट तिथेच घासला जातो. चार-पाच ठिकाणच्या सुया काढा. खोबणीत काळं, चिकट काही निघालं तर सगळ्या सुया आणि सिंकर (सुयांमधल्या, कापड धरून ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या) काढून सिलेंडर धुवाच. आपल्याकडच्या ४३-४४ अंशांत व्हीजी २२ फार पातळ होतं, थर टिकत नाही. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर जूनपर्यंत व्हीजी ३२ वापरा.

भुसावळ:
रेघेखालची सुई बदलून पाहा. रेघ तिथेच राहिली तर दोष सिंकरचा किंवा खोबणीचा. बट सगळीकडे झिजले असतील तर अख्खा सेट, म्हणजे सुमारे २२६० सुया बदला. नव्या-जुन्या मिसळल्या की टाके लहानमोठे पडतात. त्याआधी कॅमवरून नख फिरवा. नख अडकलं तर कॅमही बदला, नाहीतर नवा सेट महिन्यात खराब होईल. सुरुवातीला आरपीएम कमी ठेवा.

जळगाव:
हवेत ओलावाही ५५-६५ टक्के ठेवा. कोरड्या हवेत तूस जास्तच उडतं.